तांबडं फुटायच्या आधीचा जन्म

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर वाटतं, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

मी अंबडला शाळेत गणित शिकवायचो. जालन्याहून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि घरच्या घरी प्रोग्रॅम लिहायचं वेडच लागलं. निकालपत्रकाचा लिहिला, घरच्या किराण्याचा लिहिला. पण मिरवण्यासारखा होता तो पत्रिका जुळवायचा. जुनी पंचांगं मांडीवर घेऊन अख्खा हिवाळा आकडे भरले होते. जन्मतारीख आणि वेळ टाकली की नक्षत्र, गुण, नाडी, सगळं प्रिंटरमधून करकरत बाहेर! लोक माझ्याकडे यायला लागले. गावातल्या पत्रिका बघणाऱ्या गुरुजींची मी चौकात टिंगल करायचो — बोटं मोजणाऱ्यांचे दिवस संपले म्हणून. केवढा माज होता मला.

शोभा माझी चुलत बहीण, कुंभार पिंपळगावची. तिला आष्टीचं स्थळ सांगून आलं. मुलगा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, स्वभावानं शांत. दोघं एकमेकांना पसंत होते, हे सगळ्यांना दिसत होतं. शोभाची पत्रिका केलेली नव्हती. काकूनं आठवून सांगितलं : राखीच्या आधीचा मंगळवार, तांबडं फुटायच्या आधी. मी त्या सालच्या पंचांगातून मंगळवारची तारीख काढली आणि मशीनमध्ये भरली. "दादा, जुळंल ना?" शोभानं हळूच विचारलं. कागद बाहेर आला — एक नाडी. म्हणजे होणाऱ्या लेकरांच्या जिवाला धोका, असं आपल्याकडे मानतात. काकांनी आष्टीला नकार कळवला.

मग काही आठवड्यांनी एक बाई आल्या. त्यांनीही मुलीचा जन्म असाच वारावरून, तांबडं फुटायच्या आधीचा सांगितला, पण त्यांच्याजवळ दवाखान्याचा दाखला होता. त्यावरची तारीख एक दिवस पुढची! मी बघतच राहिलो. आपल्या बायकांचा वार सूर्य उगवल्यावर बदलतो, माझ्या मशीनचा मध्यरात्री. काकूचा मंगळवार कॅलेंडरवर बुधवार होता. गुरुजींनी हे पहिल्या फटक्यात विचारलं असतं. मी शोभाची तारीख बदलून पाहिली. नाडी वेगळी, गुण भरपूर.

चूक कुणाच्याही हातून होते, म्हणाल. पण मी सांगतोय ते हे नव्हे. ते अजून तोंडातून निघत नाहीये.

त्याच आठवड्यात तो मुलगा एसटीनं आष्टीहून माझ्याकडे आला. एकटाच. "भाऊ, एकदा परत बघा ना. मशीन हाय, चुकलं असंल. तुम्ही हो म्हणलं तं घरचे बैठकीला तयार हायेत." खरं उत्तर मला ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होता. आणि मी काय म्हणालो?

"कॉम्प्युटर चुकत नसतो."

त्यानं चहा संपवला, बरंय म्हणाला आणि गेला. त्या वेळी माझ्या डोक्यात शोभा नव्हतीच. गुरुजींना कळेल, चौक हसेल — बस, एवढंच होतं. प्रोग्रॅम मी गुपचूप दुरुस्त केला. आधी कागद दिलेल्यांपैकी एकालाही परत बोलावलं नाही.

मुलाचं त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे जमलं. शोभाच्या पत्रिकेत काहीतरी आहे, अशी कुजबुज मात्र भावकीत सुरू झाली. हळूहळू स्थळं यायची थांबली. ती माहेरीच राहिली, गावातल्या पोरींना शिवण शिकवते.

गेल्या भाऊबीजेला मला ओवाळताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, दादाचं मशीन होतं म्हणून वाचले बघा. न्हाई तं लेकराचं मरण पाह्यलं असतं मी."

मी मान पुढे केली. तिनं टिळा लावला, तोंडात साखर घातली, आणि मी ती खाल्ली.