मशीनच्या कपाळावर हात

तो आधी हात ठेवायचा. आपण काय बिघडलं ते सांगत असायचो आणि त्याचं लक्षच नसायचं. उजवा तळवा मशीनवर सपाट टेकवायचा, डोळे मिटायचा आणि थांबायचा. पोराला ताप आलाय का हे आई बघते ना, तसा. मग म्हणायचा, "पैले हात, काका. बात बाद में."

दुरुस्तीवाले तुम्हीही खूप पाहिले असतील. बरेचसे मशीन उघडायच्या आधी तोंड उघडतात. मी स्वतः त्याच जातीचा. नामपल्लीला चाळीस वर्षं पंख्याच्या आणि पंपाच्या मोटरींचं वाइंडिंग केलं. गिऱ्हाईक दारात दिसलं की ओरडायचो, "काय जाळून आणलंस?" म्हणून हा हात ठेवून गप्प बसणारा माणूस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, ढोंगी आहे.

गौलीगुड्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. एक शटर, एक टेबल, आणि आत मेलेल्या कॉम्प्युटरांची चळत. माणूस पन्नाशीचा, किडकिडीत, दाढीला मेंदी. तरुणपणी मलकपेठेत व्हिडिओ गेमचं पार्लर चालवायचा. घर उर्दूवाल्यांचं, पण लहानपणचा शेजार सगळा मराठी, त्यामुळे आमची भाषा बोलायचा आणि अडलं की दखनीत शिरायचा. तो मला काका म्हणे, मी त्याला मियाँ.

मी त्याच्याकडे गेलो तो माझी बायको गेल्यावर दोन महिन्यांनी. हातात पिशवी, पिशवीत मुलाच्या लहानपणचं गेमचं मशीन.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि ते मशीन तिनं घेतलं. साठीच्या बाईनं. दुपारी जेवणं झाली की टीव्हीसमोर बसायची. त्या गेममध्ये निळ्या ओढणीची एक बाई असते, तिची बाग, विहीर, एक गाय. भाज्या लावायच्या, पाणी घालायचं, एवढंच. मी काही बोललो की म्हणायची, "गप बसा हो, माझी गाय सापडेना झालीय." मी आतल्या खोलीत आडवा पडायचो. मला त्यातलं दिसायचं काही नाही, नुसतं गाणं ऐकू यायचं. बासरीसारखं, त्याच्यामागं ठेका. दोन वर्षं रोज दुपारी ते ऐकत झोपलो.

तेरावा झाल्यावर मी ते मशीन लावायला गेलो तर लागेना.

मियाँनं हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, "हे थंड आहे, काका. गेलं."

"मग तू कशाला बसलायस इथं?" मी म्हणालो.

तो रागावला नाही. मशीनमधलं छोटं कार्ड काढून मला दाखवलं. "काकूंचा खेळ यात आहे. मशीन गेलं, खेळ नाही गेला. घरी कॉम्प्युटर आहे?"

होता. मुलानं फोनवर तोंड बघायला म्हणून पाठवलेला, लाडवाच्या डब्याएवढा. मियाँनं त्यात एम्युलेटर नावाचा प्रोग्राम घातला. म्हणाला, "हा डबा आता जुन्या मशीनचं सोंग घेईल. गेमला वाटेल आपण अपनेच घर में आहोत."

माझ्या घरी येऊन त्यानं टीव्हीला जोडलं, बटण दाबलं, आणि ती बाई विहिरीपाशी उभी. तिच्या मागं वाफे. दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी हिनं भोपळे पेरले होते, मला सांगितलं होतं. नुसती काळी माती दिसत होती. आणि ते गाणं.

मी आत जाऊन तोंड धुऊन आलो. तोवर त्यानं पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आणून ठेवला होता. साठ. "एका सेकंदाला साठ चित्रं. साठ आहे तोवर सगळं बरोबर. कमी झालं तर गाणं पण ढिलं पडतं. नक्को घाबरू, होणार नाही."

तो गेला. मी धूळ बसू नये म्हणून डब्यावर कव्हर घातलं. हिनंच त्या जुन्या मशीनसाठी क्रोशानं विणलेलं, आतून मांजरपाटाचं अस्तर लावलेलं. आमच्या घरात मिक्सरला कव्हर, रेडिओला कव्हर, इस्त्रीलासुद्धा. या डब्याला ते मापाचं बसलं. मला बरं वाटलं.

अर्ध्या तासात आकडा बावन्न झाला. मग चव्वेचाळीस. मग एकतीस. गाणं ओढल्यासारखं येऊ लागलं. एक सूर, मग थांबायचं, मग दुसरा सूर.

मी असलं ओढणं ऐकलेलं होतं. शेवटचे आठ दिवस ती असाच श्वास घेत होती. तिच्या बोटाला चिमटा लावलेला, त्याच्यावरही आकडा. मी रात्रंदिवस त्या आकड्याकडे बघत बसलो होतो. आता घरात पुन्हा एक आकडा आला होता आणि तोही उतरत होता. मी धावत जाऊन वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी तो आला. साठ. तासभर बसला, चहा प्यायला, साठच.

"तुझ्या हाताला भितंय ते," मी म्हणालो.

"भिऊ दे. मला कोणीतरी भिणारं पाहिजेच."

वीज वाचवायची कुठलीशी सेटिंग असते, ती त्यानं बंद केली. गेला. संध्याकाळी पस्तीस. परत आला, चित्र लहान केलं, आवाजाचं काही बदललं. त्याच्यासमोर साठ, तो दुकानात पोचला नसेल तोच उतरायला सुरुवात. मी म्हणालो, व्होल्टेज कमी-जास्त होत असणार, माझा धंदाच तो. स्टॅबिलायझर आणून लावला. काही फरक नाही. मग तो डबा दुकानात घेऊन गेला, दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत गेम चालवली. साठ.

"सासर आवडेना झालंय याला," तो हसून म्हणाला. माझं तोंड बघून हसायचा थांबला.

कारण मला हसू येत नव्हतं. माझ्या डोक्यात बसलं होतं की असं अडखळता अडखळता एक दिवस तिचा खेळच पुसला जाईल. ती निळ्या ओढणीची बाई, ते पेरलेले भोपळे. मी एकही बटण दाबत नसे. दाबलं तर तिथला दिवस पुढं सरकतो, असं ती सांगायची. नुसता बघत बसायचो. जेवण जाईना. दिवसातून चार वेळा त्याला फोन. "मियाँ, एकोणचाळीस." "मियाँ, सदतीस." "मियाँ, तुला येतं का नाही ते एकदा सांगून टाक."

दुसरा असता तर फोन उचलायचा बंद झाला असता. हा म्हणाला, "काका, एक काम करा. वहीत लिहा. किती वाजता लावलं, दर दहा मिनिटांनी आकडा काय. बाकी काही नक्को लिहू."

मी लिहिलं. चौथीपर्यंत शिकलोय, पण आकडे सरळ येतात. चार दिवसांची वही त्यानं दुकानात उभ्या उभ्या वाचली. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "पहिली वीस मिनिटं रोज साठ. मग रोज उतरतो. हा ताप आहे, काका. पण मी हात ठेवतो तेव्हा ताप का नाही?"

त्यानंतर तो एका दुपारी न सांगता आला.

आता हे नीट ऐका, कारण मूर्खपणा माझा आहे. आमच्या धंद्यात एक रीत होती. कारागिराच्या हातात मशीन द्यायचं ते उघडं करून, पुसून द्यायचं. पोत्यात गुंडाळलेली मोटर कुणी आणली तर मी हात लावत नसे. त्यामुळे मियाँ येणार म्हटलं की मी दहा मिनिटं आधी कव्हर काढायचो, घडी करून कपाटात ठेवायचो, डबा पुसायचो. तो गेला की परत घालायचो. इतके दिवस त्यानं ते कव्हर कधी पाहिलंच नव्हतं.

त्या दुपारी दार उघडंच होतं. तो आत आला. आकडा तेहतीस, गाणं ओढतंय, मी खुर्चीत. त्यानं आपला हात ठेवला तो कव्हरावरच. लगेच उचलला.

"या अल्ला. काका, हे तर फणफणलंय."

मला आधी कळलं नाही. आणि मग असं कळलं की उठता येईना. चाळीस वर्षं मी लोकांना शिव्या घालत आलो, मोटरवर पोतं टाकू नका रे, तिला हवा लागते, गुदमरून जळेल. सगळं नामपल्ली मला त्यासाठी ओळखायचं.

त्यानं कव्हर ओढून काढलं नाही. मला विचारलं, "काढू?" मी मान हलवली. दोन्ही हातांनी उचललं, उलटं करून अस्तराचे टाके बघितले. "काकूंनी केलं?"

"हो."

"हात चांगला होता."

आकडा चढू लागला. चाळीस. अठ्ठेचाळीस. सत्तावन्न. साठ. गाणं सरळ झालं. तो आनंदानं माझ्याकडे वळला तर मी रडत होतो. त्याला वाटलं सुटल्याचं रडू असेल.

मी विचारलं, "जुनं मशीन यानंच गेलं का? ती दोन वर्षं कव्हर घालूनच खेळायची. गरम होतंय असं एकदा म्हणाली होती. मीच म्हणालो, राहू दे, धूळ जाते."

तो काही बोलायच्या आत मी पुढचंही बोलून गेलो. मुलाला ते अजून सांगितलेलं नाही. तिला दम लागायला लागला ते थंडीचे दिवस. ती म्हणायची खिडकी उघडा, मला वारा पाहिजे. मी खिडक्या लावून घ्यायचो. तिच्यावर दोन दोन पांघरुणं घालायचो. सर्दी आहे, वाऱ्यानं वाढेल म्हणायचो. पाच दिवस. सहाव्या दिवशी दवाखान्यात नेली.

मियाँ उठून कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या मशीनपाशी गेला. मेलेलं, थंड मशीन. त्याच्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि पहिल्या दिवशीपेक्षा जास्त थांबला.

"वयानं गेलं, काका," तो म्हणाला. "दुसरं काही नाही."

मग ते कव्हर त्यानं त्या जुन्या मशीनवर घातलं, चारी कोपरे सारखे केले. "याला राहू दे. याला आता हवा लागत नाही." आणि चहा मागितला.

त्यानंतर कधी आकडा उतरला नाही. तरी तो पंधरा दिवसांनी यायचा. बिघाड नसताना. हात ठेवायचा, चहा प्यायचा, बाईकडे बघायचा. "भोपळे कधी यायचे काका? एक बटण दाबा की." मी म्हणायचो, "तुझ्या घरचे भोपळे आहेत का?" तो म्हणायचा, "हौ, बरोबर. नक्को दाबू."

पण माझ्या मनात एक गोष्ट राहिली होती. थंड मशीनवर हात ठेवून काय कळतं? मोटर कशानं गेली हे मला ती उघडल्याशिवाय कधी कळलं नाही, आणि त्यानं ते मशीन उघडलंच नव्हतं. तो खरं बोलला की माझ्यासाठी बोलला? रोज दुपारी गाणं लागलं की हा प्रश्न यायचा. मग ठरवलं, एकदा तोंडावर विचारायचं. मशीन उघड म्हणायचं, आत बघ, जळलंय का सांग. ऐकून घ्यायची माझी तयारी आहे.

मशीन पिशवीत घातलं, कव्हरासकट, आणि गौलीगुड्याला गेलो. शटर बंद. शेजारच्या चहावाल्यानं मला ओळखलं. "चचा, आपको मालूम नै? पिछले जुम्मे को गुजर गए. बैठे बैठे."

त्याचं लक्ष गिऱ्हाइकांकडे गेलं. मी तिथंच उभा राहिलो. पिशवी खाली ठेवावी असंही सुचेना. किती तरी माणसं बसस्टँडकडे घाईनं चालली होती.

मग मी शटरवर हात ठेवला. सपाट. डोळे मिटले.

तापलं होतं. उन्हानं. दुसरं काही नाही.