चिंधी बांधलेलं कोहळं

मुलांनो, तुम्ही कोरलेल्या भोपळ्याचा फोटो पोचला. त्यात धाकटीच्या बोटाला पट्टी दिसली, म्हणून हे आजच लिहिते आहे. सुरी न लावताही भोपळ्यावर चेहरा काढता येतो. तुमच्या बाबांनी तो काढला तेव्हा ते सहा वर्षांचे होते.

मेहकरजवळच्या आमच्या गावात लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. अख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव पुरुषाने घालायचा, बाईने नाही, अशी रीत होती. माझ्या वडिलांनी पाठवलेल्या इंग्रजी पुस्तकात डोळे कोरलेला भोपळा होता. बाबा आणि आत्या तसाच हवा म्हणून हटून बसले. आजोबा कामासाठी मलकापूरला गेले होते. मला सासूबाईंची रीत मोडायची नव्हती आणि मुलांच्या हाती विळाही द्यायचा नव्हता.

कोवळ्या कोहळ्यावर ओरखडा काढला की फळाबरोबर तो वाढतो आणि भरून येतो. म्हणून मी बाभळीचा एक काटा दगडावर घासून बोथट केला. नियम सांगितले: एका वेळी एकानेच, दुसऱ्याने हातभर दूर, रेघ फक्त सालीवर, काटा परत माझ्याकडे.

आत्याने फूल काढले. बाबांनी आमच्या मळ्याच्या कुंपणाजवळचे, देठाला चिंधी बांधलेले कोहळे निवडले आणि त्याचे तोंड इतके दाबून काढले की पाण्याचे थेंब आले.

सासूबाई आल्या. "त्याले चिंधी काऊन बांधली, ठाऊक हाये का?"

"मुंडासं हाये ते," बाबा म्हणाले.

"बियाचं हाये ते. बोट दाखवलं तरी कोहळं सडते म्हंतात, अन् तुनं त काटा टोचला." मग माझ्याकडे वळून, "तू त इंग्रजी शिकेल हायस व माय. एवढे नेम सांगतले, अन् हेच राह्यलं?"

राहिलेच होते. बियाणे त्यांच्या माहेरचे होते, आणि तिकडे आता मागायला कोणी उरले नव्हते. त्या वर्षी त्याचा एकच वेल रुजला होता, आणि बियासाठी राखण्याजोगे फळ ते एकच. ते सडले असते तर वाण संपले असते.

त्यांनी चिरेत चुलीची राख भरली आणि फळाखाली कडबा सारला. रोज सकाळी आधी त्या बघून येत, मग मी. बाबा कुंपणाकडे फिरकत नसत. आठ-दहा दिवसांनी चीर सुकून खपली धरली. पुढे फळ वाढले तसे ते तोंड एका बाजूला ताणले गेले.

"चाल बे, पाहून घे," सासूबाई नातवाला म्हणाल्या. "तुह्या बापासारखं वाकडं हासून राह्यलं."

तेव्हा कुठे बाबा ते बघायला गेले.

कोहळे पिकल्यावर आजोबांनी पहिला घाव घातला. गराचे गोड बोंडे तळले. बिया सासूबाईंनी राखेत घोळून वाळवल्या.

पुढे तो मळा विकला. बियाणे धाकट्या काकांकडे आहे. यंदा त्यांच्या वेलाला चार कोहळी लागली आहेत.