साहेब ऑन टूर

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्या कोरड्या सालात दुसरं काही पिकलं नाही तरी साहेब लोकांचं पीक जोमात आलं. नांदेडला टायपिंग शिकून मी अशाच एका नव्या कचेरीत लागले. भाड्याची इमारत, भिंतींना रंगाचा वास, आणि तिथं शिकलेलं माझं पहिलं इंग्रजी म्हणजे ‘ऑन टूर’.

आमच्या साहेबांच्या लेखी त्यात सगळंच बसायचं. सासुरवाडीला नांदेडला गेले, ऑन टूर. मेव्हण्याला विष्णुपुरीचं धरण दाखवायला सरकारी जीप नेली, ऑन टूर. जेवून आतल्या खोलीत वाळ्याच्या पडद्याआड घोरत पडले, तरी ऑन टूरच. तो पडदा ओला राहावा म्हणून शिपाई तासातासाला बादली ओतायचा. गावोगावच्या विहिरींनी तळ गाठलेला, आणि हा ऐदी माणूस गारव्यात लोळायचा. आलेल्यांना वाटेला लावायचं काम माझं. मी ते बिनबोभाट करायची, कारण मला नोकरी हवी होती.

एकदा माझे मामाच आले; माझी आई त्यांच्याच गावात राहायची. गावाला टँकर हवा होता आणि अर्जावर साहेबांची सही.

“साहेब ऑन टूर आहेत, मामा.”

“म्हंजी?”

“दौऱ्यावर. गावं बघायला गेलेत.”

मामा एकदम खुलले. “मंग आमच्याकडं बी येतील की! लई बरं झालं, पोरी.”

मी मान हलवली. आतून घोरणं ऐकू यायच्या आत मला त्यांना बाहेर काढायचं होतं.

रविवारी गावी गेले, तर फाट्यावरच्या लिंबाखाली मामा आणि चार म्हातारे बसलेले. दोन दिवस ते तिथंच होते. साहेबांनी रिकामे रांजण डोळ्यांनी बघावेत म्हणून बायका लांबच्या झऱ्यावर गेल्याच नव्हत्या. माझ्या आईनं उरल्यासुरल्या कळशीचा अंगणात सडा घातला होता. मला त्या साहेबाची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी.

“उठा, मामा. साहेब येत नाहीत. त्या दिवशी ते आतच झोपले होते. मी खोटं बोलले.”

मामा हसले.

“हॅट! तू आपली पोर. तू कशाला खोटं बोलशील?” असं म्हणून ते परत रस्त्याकडं बघत बसले.