कांगारूबाईची मुंगी

पडल्यावर माणसं काय करतात? आधी कोणी बघितलं का ते बघतात, मग कपडे झटकतात, आणि मग कुठे दुखतंय ते आठवतात. आमची कांगारूबाई पडली की उठायची, टाचा जुळवायची, छाती काढायची आणि दोन्ही हात आभाळाकडे फेकून हसायची. मग ती जिमच्या गादीवर पडलेली असो नाहीतर ग्रोसरीच्या दुकानासमोरच्या बर्फावर. एकदा हातात अंड्यांचा खोका होता. अंडी गेली, पण हात वर गेलेच. पार्किंग लॉटमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घाबरून स्वतःचेही हात वर केले. त्यांना वाटलं, दरोडा पडलाय.

"हा नियमच आहे आमचा," ती मला म्हणाली. "कसरत सुरू करताना परीक्षकांना सॅल्यूट करायचा आणि संपवताना पुन्हा करायचा. मधे काय वाटेल ते होवो. शेवटचा सॅल्यूट केला नाही, तर कसरत संपलीच नाही."

तिचं खरं नाव चांगलं होतं, पण आमच्या कॅनडातल्या विनिपेगच्या मराठी मंडळात ते कोणाच्या लक्षात राहीना. बाई ऑस्ट्रेलियाची, पोरांना जिम्नॅस्टिक्स शिकवणारी, उड्या मारणारी, म्हणून मी कांगारूबाई केलं. तिला कळलं तेव्हा म्हणाली, "कांगारूला मागे उडी मारता येत नाही. मला येते." तिने उट्टंही काढलं. माझी नात सई मला आजी म्हणते, तेव्हा आजी हेच माझं नाव, असं तिने धरून टाकलं. आमचे हे एकदा सईला आणायला गेले, तर सगळ्या जिमसमोर तिने हाक मारली, "हॅलो, मिस्टर आजी!" जन्मभर इंजिनियरसाहेब म्हणवून घेतलेला माणूस. पुढे मंडळात सगळे त्यांना तसंच म्हणू लागले.

त्या वेळी मी तरुण होते, म्हणजे साठीची. पण साठीला मी जेवढी म्हातारी होते, तेवढी आज पंचाहत्तरीतही नाही. काय तो थाट! गुडघ्यांना पट्टे, कपाळाला बाम, कानटोपीवर स्कार्फ आणि स्कार्फवर शाल. एक मजला चढायला लिफ्ट. मंडळाच्या हळदीकुंकवाला आम्ही बायका दागिने दाखवावेत तशी दुखणी दाखवायचो, आणि त्यात माझा पहिला नंबर कधी हुकला नाही. "आता आमचं काय राहिलंय!" हे वाक्य मी इतक्या अभिमानाने म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंना पदवी मिळाली आहे.

अशी ही मी सईला घेऊन जिममध्ये जाऊन बसायची, कारण तिचे आईबाप दोघं नोकरीवर. सई तेव्हा सहा वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात ती बुटक्या बीमवरून घसरली आणि तिने भोंगा पसरला. बीम म्हणजे जेमतेम तळपायाएवढी रुंद लांबलचक पट्टी. मोठ्या मुलींची छातीइतकी उंच असते, लहानांची चौरंगाएवढी. सई रडताच माझी शाल कुठे गेली आणि गुडघे कुठे गेले, मला कळलं नाही. बर्फाने माखलेल्या बुटांसकट मी गादीवर धावले, खाली बसले आणि गादीला फाडफाड चापट्या मारल्या. "हत्त गादी! आमच्या सईला पाडतेस? मुंगी मेली बघ, मुंगी मेली!"

कांगारूबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि आधी माझ्या बुटांकडे बघितलं. तिच्या गादीवर बूट म्हणजे देवघरात चप्पल, हे मला मागाहून कळलं.

"काय म्हणालीस तू तिला?"

माझं इंग्रजी तेव्हा बँकेत आणि डॉक्टरकडे चालायचं, भांडणात नाही. मी म्हटलं, "द अँट डाइड."

"व्हिच अँट?"

"नो अँट."

"मग मेलं कोण?"

"नोबडी. देअर इज नो अँट. बट शी डाइड."

कांगारूबाईने कंबरेवर हात ठेवले. एवढ्यात तिचं लक्ष सईकडे गेलं. सईचं रडं केव्हाच थांबलं होतं. ती गादीवर पालथी पडून मुंगी शोधत होती.

बाई सईशेजारी गादीवर टेकली. मग म्हणाली, "मी पडायचे तेव्हा कोणी काही बोलायचं नाही. नुसते मार्क कापायचे."

दुसऱ्या दिवशी जिममध्ये नवा कायदा झाला. जो पडेल त्याने गादीला चापट मारायची आणि ओरडायचं, "मुंगी मेली!" तिच्या ऑस्ट्रेलियन जिभेवर त्याचं "मूंगी माइली" झालं, आणि पंजाबी, फिलिपिनो, युक्रेनियन, सगळी पोरं तेच ओरडू लागली. एका आईने तक्रार केली, की इथे मुलांना कीटकहत्या शिकवतात. बाईने तिला शांतपणे सांगितलं, "मॅडम, मुंगी कधी नव्हतीच. आजीला विचारा."

तिचं दुसरं शस्त्र म्हणजे "हू सेज?" म्हणजे कोण म्हणतं? हे ती कोणालाही विचारायची. मी म्हटलं, माझे गुडघे गेले. "हू सेज?" म्हटलं, डॉक्टर. "त्याला इकडे आण, बीमवर चढवू." मी म्हटलं, या वयात शोभत नाही. "हू सेज?" मी मंडळातल्या सगळ्या बायका डोळ्यांपुढे आणायला लागले. ती म्हणाली, "बूट काढ." मी सलवार वर खोचून त्या चौरंगाएवढ्या उंच पट्टीवर चढले. आधाराला तिचा खांदा धरायचा होता. मी केस धरले. पहिल्याच पावलाला मी, ती आणि माझी शाल अशा तिघी खाली आलो. सई टाळ्या पिटत ओरडली, "आजी, से इट! से इट!" पण मी वरच्या पट्टीत "अगं आई गं" एवढंच म्हणत होते. बाई मात्र उठली, टाचा जुळवल्या आणि हात वर.

गरम देशातून आलेली ती, थंडीत रात्री इंजिन गोठू नये म्हणून गाडीला विजेचा प्लग लावून ठेवायचा हे तिच्या डोक्यात कधी शिरलं नाही. सकाळी गाडी गोठलेली असायची, म्हणून मिस्टर आजी तिला सोडायला जायचे आणि मागच्या सीटवर मी. तिची गोष्ट मला त्या फेऱ्यांत तुकड्यातुकड्यांनी कळली. लहानपणी ती मेंढ्यांच्या कुंपणावरून चालायची. दहाव्या वर्षी तिला निवडून मोठ्या शहरातल्या वसतिगृहात नेलं. तिथे रोज सकाळी आधी वजनकाटा आणि मग, काट्याची मर्जी असेल तर, नाश्ता. ती देशाची विजेती झाली, पुन्हा झाली, परदेशातून सोनं घेऊन आली. तिचा फोटो बिस्किटांच्या पुड्यावर छापून आला आणि तिला बिस्कीट खायची परवानगी नव्हती. "सगळा देश मला चहात बुडवत होता," ती म्हणायची, "आणि मी काकडी चावत होते."

मग जागतिक स्पर्धा आली. बीमवर तिची एक खास उडी होती. हवेत उलटी कोलांटी घेऊन त्याच पट्टीवर एका पायावर उतरायचं. ती उतरली आणि घोटा वळला. ती उठायच्या आधीच प्रशिक्षक धावत आला आणि तिला लहान बाळासारखी उचलून घेऊन गेला. सगळ्या जगाने ते टीव्हीवर पाहिलं. पुढे लवकरच तिला सांगण्यात आलं, की तू आता म्हातारी झालीस. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

"एकोणीस?" मिस्टर आजींनी ब्रेकच दाबला. "एकोणिसाव्या वर्षी मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसलो होतो!" लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर ही बातमी मला प्रथमच मिळाली.

मी विचारलं, "मग तू म्हणाली नाहीस, हू सेज?"

"नाही ना. तेव्हा विचारायचं राहिलं, म्हणून आता सगळ्यांना विचारते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि मला उचलून नेलं ना, आजी. माझा सॅल्यूट राहिला. ती कसरत अजून चालूच आहे."

तिला एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्यांनी म्हातारी केलं होतं. मला तर कोणी सांगितलंही नव्हतं, मीच आपणहोऊन अर्ज केला होता.

तिने अडतिसाव्या वर्षी जाहीर केलं, की आपल्या प्रांताच्या खुल्या स्पर्धेत मी बीमवर उतरणार. तीच कसरत, तीच उडी. घोट्यात तेव्हा स्क्रू होते. क्लबचा मॅनेजर मोठा नीटनेटका माणूस, त्याच्या शर्टाची इस्त्री जेवतानासुद्धा मोडायची नाही. त्याने तिला सांगितलं, की प्रशिक्षकच पोरांसमोर आपटला तर क्लबची शोभा होईल, तेव्हा उतरायचं असेल तर खुशाल उतर, पण सोमवारी कामावर येऊ नकोस. मग तो माझ्याकडे आला. "ती तुमचं ऐकते. तिला समजवा. या वयात हे बरं दिसत नाही."

या वयात शोभत नाही. माझंच वाक्य, इस्त्री करून माझ्यासमोर उभं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हू सेज?"

म्हटलं खरं, आणि लगेच वॉशरूममध्ये जाऊन कडी लावून बसले. साठ वर्षांची घोडी, पण उलट उत्तर दिल्यावर बाबा ओरडतील अशी भीती! बाहेर आले तेव्हा मॅनेजर गेला होता आणि कांगारूबाई भिंतीला टेकून पोट धरून हसत होती.

स्पर्धेच्या दिवशी सई, मिस्टर आजी आणि मी पहिल्या रांगेत होतो. बाकीच्या मुली सोळा-सतरा वर्षांच्या. त्यांच्यात ही निळ्या पोशाखात, घोट्याला पांढरी पट्टी गुंडाळून उभी. तिने सॅल्यूट केला आणि चढली. सुरुवातीचं सगळं लोण्यासारखं झालं. मग ती पट्टीच्या टोकाला येऊन थांबली. सईने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. कांगारूबाई मागे उडाली, फिरली, पाय पट्टीवर आला आणि निसटला.

गादीवर धप्प आवाज झाला. तिने घोटा धरला होता. मॅनेजर उठून उभा राहिला. प्रथमोपचाराची बॅग घेऊन एक धिप्पाड माणूस तिच्याकडे निघाला. मला कळलं, हा आता तिला उचलणार. पुन्हा उचलून नेणार.

मी बाकावर हात आपटला. पत्र्याचा बाक, काय आवाज झाला म्हणता! "हत्त मेल्या!" मी ओरडले. "मुंगी मेली! कांगारूबाई, मुंगी मेली!"

क्षणभर माझ्याशिवाय कोणाचाच आवाज नव्हता. मिस्टर आजी माझी ओढणी ओढत होते. मग सईने बाक बडवला. मग मागच्या रांगेतल्या पोरांनी. मग आख्ख्या हॉलमध्ये पत्रे वाजू लागले, "मूंगी माइली! मूंगी माइली!" आणि पाहुण्या क्लबांचे लोक एकमेकांना विचारत होते, ही कुठली भाषा.

तिने मान वर केली. मग, देवाशपथ सांगते, तिने खाली वाकून गादीवर मुंगी शोधली. धिप्पाड माणसाला हाताने थांबवलं. उठून गादीला एक सणसणीत चापट मारली आणि पुन्हा पट्टीवर चढली. तीच उडी तिने पुन्हा घेतली. कपडे वाळत घालायच्या दोरीवर कोंबडी डुलावी तशी डुलली, हात भलतीकडे गेले, कंबर भलतीकडे. पण पाय राहिला. मग शेवटची उडी मारून ती जवळजवळ बसकण मारतच खाली उतरली, हळूहळू सरळ झाली आणि टाचा जुळवल्या.

दोन्ही हात वर गेले ते खाली येईनात. पुढची मुलगी खोळंबली. परीक्षकांनी तिला जायची खूण केली, मग पुन्हा केली. एकोणीस वर्षं थांबलेला सॅल्यूट तो, दोन मिनिटांत कसा आटपेल?

तिचा नंबर शेवटचा आला. सोमवारी तिची जागा गेली. ती ऑस्ट्रेलियाला परत निघाली तेव्हा आम्ही तिघं विमानतळावर गेलो. तिने सईच्या कानात काहीतरी सांगितलं, जे सई आज एकविसाव्या वर्षीही मला सांगत नाही. मला मिठी मारून तिने विचारलं, "आता तरी खरं सांग, आजी. एकतरी मुंगी होती का?"

"नो अँट," मी म्हटलं.

"मग मी इतकी वर्षं कोणाला घाबरत होते?" असं म्हणून ती वळली आणि जमिनीवरच्या पिवळ्या रेघेवरून, पावलापुढे पाऊल ठेवत, एकदाही न डुलता आत निघून गेली. आता ती आपल्या गावी एका शेडमध्ये शिकवते. तिच्याकडे प्रवेशाची एकच अट आहे, तुम्हाला कोणीतरी म्हातारं म्हटलेलं असलं पाहिजे.

या थंडीत मुलाने मला बजावलं, की ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने, म्हणजे फावड्याने, काढायचा नाही. डॉक्टरांनी बजावलं. मिस्टर आजींनी शोव्हल लपवून ठेवलं, पण बेसमेंटमध्ये गालिच्यामागे वस्तू लपवायची त्यांची सवय मला ठाऊक आहे. मी निम्मा ड्राइव्हवे साफ केला आणि मग बर्फाखालच्या बर्फाने दगा दिला. पाठीवर आडवी झाले. वर आभाळ चांगलं निळं होतं. मी बोटं हलवून बघितली, पाय हलवून बघितले. कुशीवर वळले, शोव्हल रोवलं आणि उठले. टाचा जुळवल्या आणि शोव्हलसकट दोन्ही हात वर केले.

खिडकी धाडकन उघडली. "अगं, मेलीस की काय?"

"मी नाही हो," मी ओरडले, "मुंगी!"