प्रधान आणि नावाडी

धाकट्या भावाला जाऊन पाच महिने झाले. त्याचा आवाज माझ्या मोबाइलवरच्या एका गेममध्ये आहे. तो तिथं ठेवायचा की काढायचा, हे मला सोमवारपर्यंत सांगायचं आहे.

कारेगावला कंपनीतली शिफ्ट सांभाळून तो राहू आणि खुटबाव या गावांतल्या कबड्डी सामन्यांत माईकवर बोलायचा. ते ऐकून पुण्यातल्या दोघा तरुणांनी आपल्या मराठी गेममधली दोन पात्रं त्याला दिली, प्रधान आणि नावाडी. मी शिरूरला शाळेत मराठी शिकवते. प्रधानाची वाक्यं मी त्याच्याकडून आठवडाभर घोटून घेतली.

"पानी नाही, पाणी. जीभ टाळूला लाव."

"लावून लावून दमली जीभ, आक्के. ह्यो प्रधान जेवतो तरी कवा?"

नावाड्याची वाक्यं त्यानं मला दाखवलीच नाहीत.

गेम आल्यावर खेळणाऱ्यांचे अभिप्राय तो मोठ्यानं वाचायचा. प्रधान भारदस्त. नावाडी गावठी, हसू येतं.

"एकच माणूस हाय, कुणाला कळंना," तो म्हणाला. "तुझ्या प्रधानाला मान, माझ्या नावाड्याला हसत्यात." मग जरा थांबून, "नावाडी बदलू का, ती दोघं विचारत्यात. शुद्ध बोलू व्हय?"

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "बदल की. बरंच होईल."

"बरं," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात कामावरून येताना अपघातात गेला.

आता त्या दोघांनी दुसरा आवाज शोधलाय. नावाड्याची नवी वाक्यं मला तपासायला पाठवलीत. सोबत लिहिलंय, तुमची इच्छा असेल तर जुनाच आवाज ठेवू.

कागद छापून आणले, तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ठेवला तर लोक हसत राहतील, आणि टोला परतवायला तो नाही. काढला तर माझंच म्हणणं खरं होईल.

मध्येच गेम लावते. प्रधान बोलू लागला की पुढं ढकलते. त्याच्या तोंडून मीच ऐकू येते, वर्गातली मी. गेममधल्या नावाड्याच्या घाटावर जाते. नावाडी म्हणतो, "बसा की निवांत. पानी कुठं पळून चाललंय?" 'की'वर आवाज चढतो, 'चाललंय' लांबत खाली येतं. आई ताट वाढताना असंच बोलायची. तिला कधी कुणी गावठी म्हटलं नव्हतं. लोक याच हेलाला हसले. मी तर तो चूकच धरून बसले होते.

आज दुपारी लाल पेन घेऊन बसले. नव्या कागदावर होतं, "निवांत बसा. पाणी कुठे पळून चालले आहे?" एकही चूक नाही. मी 'पाणी'तला ण खोडून न केला. 'बसा'पुढं 'की' लिहिलं. त्या 'की'वरचा चढ कसा दाखवायचा, ते मात्र मला येईना. बराच वेळ पेन तिथंच टेकलेलं राहिलं, कागदावर लाल ठिपका पसरला.

मग सगळ्या वाक्यांवर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं : जुनाच आवाज ठेवा. तो बरोबर आहे.