पालखीपुरती लिंबं

शिमग्यात पालखी अंगणात आली की भोयांना घरच्या झाडाच्या लिंबांचं सरबत द्यायचं, हा सावर्ड्याजवळच्या त्या वाडीत रघूच्या घराण्याचा मान. मान घराण्याचा, मनगटं दुखायची ती रघूच्या बायकोची, कमळाची. रघू मुंबईत वॉचमन. शिमग्याच्या आदल्या दिवशी एसटीतून उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी टोपी घालून पालखीपुढे उभा राहायचा. एवढं काम तो न चुकता करायचा.

ते कागदी लिंबाचं झाड कमळानं लग्न होऊन आली त्याच वर्षी परसात लावलेलं. पस्तीस वर्षं शिमग्यापर्यंत त्याच्यावर पालखीपुरती लिंबं टिकायची. यंदा बुंध्याला वाळवी लागली. पौषात शेवटची चाळीस लिंबं उतरवली आणि झाड वाळलं. पालखीला अजून दोन महिने होते.

"यंदा राहूंदे सरबत," कमळा थोरल्या जावेला म्हणाली. जाऊ म्हणजे शेजारच्या दारातली गंगा. सोवळ्याच्या बाबतीत देवापेक्षा कडक.

"राहूंदे? आणि देवाला काय सांगू, कमळीचे गुडघे दुखतात?"

"सांग की गो अक्का. खरंच तर हाय."

पण मन मानेना. तेवढ्यात भावाची मुलगी नम्रता सुट्टीला आली. कॉलेजात फळं टिकवायचंच शिकत होती.

"आते, सालीतून पाणी उडतं म्हणून लिंबू सुकतं. वरून कोरफडीच्या गराचा पातळ थर दिला की कमी उडतं. पोटात गेलं तरी चालतं."

"म्हणजे लिंबाला रेनकोट."

"उलटा रेनकोट. आतलं पाणी आत."

"आधी माझ्या गुडघ्यांना लावून बघ."

दोघींनी कोरफड सोलली, गर मिक्सरमधून काढला, गाळला, जरा तापवून निववला. लिंबं त्यात बुडवून सुपात वाळवली आणि दोन टोपल्यांत भरून माजघरातल्या गारव्याला ठेवली. जाताना नम्रता बजावून गेली, "पिळायच्या दिवशी धुवायची. तोवर पाणी लावायचं नाही." हे गंगालाही सांगायला हवं होतं. पण त्यासाठी पाच पायऱ्या उतरून पाच चढाव्या लागतात.

दोन दिवसांनी कमळा गुडघे दाखवायला दवाखान्यात गेली. परत येते तर गंगा पदराला हात पुसत उभी.

"काय गो ते चिकट माखून ठेवलंस? देवाच्या कामाची वस्तू! एक टोपली धुतली स्वच्छ. नळाचं पाणी गेलं, नायतर दुसरीही धुतली असती."

कमळाला भांडायचं होतं. पण भांडायला उभं राहावं लागतं. ती ओट्यावर टेकली आणि तिचा राग तिथेच बसून राहिला.

फाल्गुन लागेपर्यंत धुतलेली वीस लिंबं सुपारीसारखी टणक झाली. न धुतलेल्यांतल्या पाचांवर बुरशी आली, पंधरा मात्र पिवळीधमक, बोटाखाली दबतील अशी राहिली. पण पंधरा लिंबांत पन्नास माणसं कशी भागवायची? गंगानं दोन्ही टोपल्यांत डोकावून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. गंगा न बोलता जाते, हेच वाडीत नवल.

पालखीच्या सकाळी कमळानं टोपली उघडली तर लिंबं काठापर्यंत. वरची सगळी एका मापाची, चकचकीत, बाजारची. बाहेर गंगा पाठ करून अंगण झाडत होती, झाडलेलंच पुन्हा.

"अक्का, रात्रीत व्याली काय गो लिंबं?"

"देवाची लिंबं ती. काय सांगता येतं?"

बाजूला काढावीत, असं कमळाच्या मनात आलं. मग काढायची कुणी, हेही आलं. तिनं सगळी धुतली आणि सगळी पिळली.

पालखी आली. भोयांतल्या भिकाजीनं पेला एका दमात रिकामा केला.

"वैनी, चव तीच हो! जराही बदल नाय."

"घरचं झाड आहे आमचं," टोपी सावरत रघू म्हणाला. परसात तो अजून गेला नव्हता. गंगानं मान खाली घातली. कमळानं भिकाजीचा पेला पुन्हा भरला.

संध्याकाळी गाळणीत बिया उरल्या. घरच्या कुठल्या, बाजारच्या कुठल्या, देवालाच ठाऊक. वाळवी लागलेल्या बुंध्यापासून लांब जागा बघून कमळा एक हात गुडघ्यावर रोवत वाकली.

मागून गंगा आली. "निवडून तरी लाव गो. आपल्या कुठल्या?"

"लावते सगळ्याच," कमळा म्हणाली. "वाकायचं एकदाच."