जागा झाली

मंगळवार-शुक्रवार आम्ही रत्नागिरीच्या डायलिसिसच्या खोलीत शेजारी शेजारी पडून असायचो. तो मांडवीकडचा म्हातारा खलाशी. एका हाताला सुया लागल्या की दुसऱ्या हाताने चादर छातीपर्यंत ओढायचा आणि समोरच्या टीव्हीवर कार्टून लावायला सांगायचा. चार तास तेच. चिखलात राहणारे, लांब कानांचे सहा प्राणी रांगेनं चाललेत. मला वैताग यायचा. एकदा सिस्टर बातम्या लावायला निघाली, तर म्हणाला, "नको बदलूस गो बाय."

मग माझ्याकडे वळला. "बघा, त्यांच्यातला एक दलदलीत गेला. तरी रांगेत त्याची जागा मोकळी ठेवून चालतायत. आमच्या बोटीवरचा माणूस पाण्यात गेला, की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा. मी पण तसाच लागलो."

"अहो, कार्टून आहे ते," मी म्हणालो.

"म्हणून तर त्यांना जमतं," तो म्हणाला आणि पुन्हा टीव्ही बघू लागला.

मला इथं नंबर मिळायला दोन महिने लागले होते. मग फोन आला, "जागा झाली, या." त्या दिवशी घरी पेढे आणले. जागा कशी होते, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

गेल्या शुक्रवारी त्याच्या खाटेवर पावस गावचा एक माणूस होता. मी सिस्टरकडे बघितलं, तिने नुसती मान हलवली. मी तिला कार्टून लावायला सांगितलं. शेजारचा माणूस हसून म्हणाला, "नशीब बघा माझं, आठवड्यात जागा झाली."

मी म्हणालो, "छान झालं."